पांढरी वात

९ नोव्हेंबर

मोलगीहून जीपने वर आलो. मांडीवर वळकटी, पायाशी कुणाची तरी कोंबड्याची टोपली. साऱ्या घाटात कोंबडा माझ्या पोटरीला चोची मारत होता आणि मी शाळेतल्या कविता एकामागून एक चालीवर म्हणत होतो. जीपवाल्याने आरशातून पाहिलं. म्हातारं सरकलं, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. दिसू दे! सातपुडा समोर पसरलेला असताना जो गप्प बसतो त्याने लहानपणी एकही कविता मनापासून पाठ केलेली नाही, एवढंच मी म्हणेन.

मुलाने, भाग्येशने, सुरतेहून फोनवर पुष्कळ समजावलं. आप्पा, निवृत्त झालात, आता कळसाडीला ओट्यावर बसा, पेपर वाचा. बसलो की. उसाचे ट्रॅक्टर जाताना पाहत बसलो. हिच्या माघारी घरात चहासुद्धा एकट्यापुरता होतो. आणि ज्याचा जन्म सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये काचा रंगवण्यात गेला, त्याच्या डोळ्याला मायक्रोस्कोपवाचून चुकल्या-चुकल्यासारखं होतं. इथल्या ट्रस्टच्या दवाखान्याला लॅबवाला हवा आहे असं कळलं, लागलीच वळकटी बांधली.

दवाखाना टेकडीवर, सागाच्या झाडीत. चालवणारे नवनीतभाई स्वतः फाटकाशी आले. बगळ्याच्या पिसासारखे कपडे, तोंडात सारखं 'रतिलालआप्पा, रतिलालआप्पा'. ओसरीवर एक मोठा फलक कापडात गुंडाळून भिंतीला टेकवला आहे. हे काय, म्हणून विचारलं तर हसले. म्हणाले, भोवतालच्या पाड्यांमध्ये वर्षभरात क्षयाचा एकही रोगी सापडलेला नाही, तेच लिहून घेतलंय. तेवीस तारखेला मोठे पाहुणे येऊन कापड ओढणार. माझे डोळे भरून आले. ज्या रोगाच्या पायी उमेदीत मी माणसं विझताना पाहिली, तो या डोंगरातून गेला! असं ऐकायला मिळेल म्हणूनच देवाने इतकं जगवलं असेल.

आयाबाई कमलबाई खालच्या सपाटीची, आपल्याच बोलीची. पहिलाच प्रश्न, "आप्पा, आठे थंडी भलती शे. गोधडी लई उनात का?" गोधडी आणलीय म्हटल्यावर तिला बरं वाटलं. रात्री तिने उडदाची दाळ आणि भाकर दिली. आईच्या हातची आठवण झाली.

लॅब छोटी, पण देखणी. पूर्वेला खिडकी, मायक्रोस्कोप पुसून ठेवलेला, बाटल्या ओळीने: लाल, आम्ल, निळी. स्पिरिटच्या दिव्याची वात तर मोगऱ्याच्या कळीसारखी पांढरीशुभ्र. माझ्याआधी इथे दिनेश नावाचा मुलगा होता, तो नोकरी सोडून खाली गेला. मोठा टापटिपीचा असला पाहिजे.

११ नोव्हेंबर

पहिला दिवस. रीत लिहून ठेवतो, कारण आमच्या कामात रीत हीच पूजा.

रोग्याने सकाळी खाकरून काढलेला बेडका काचेवर पातळ पसरायचा. वाळवायचा. दिव्याच्या ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. जंतू तिथेच मरतात आणि काचेला चिकटतात. मग वर लाल फुक्सिन ओतायचं आणि खालून दिवा धरायचा. उकळू द्यायचं नाही, नुसती वाफ निघाली पाहिजे. क्षयाच्या जंतूला मेणाचं कवच असतं, थंड रंग त्याच्या आत जात नाही. वाफेने मेण मऊ होतं तेव्हाच लाल रंग आत शिरतो, आणि एकदा शिरला की आम्लाच्या बापालाही निघत नाही. बाकीचं सगळं आम्लाने धुऊन जातं, त्यावर निळा चढवायचा. मग तेलाचा थेंब, आणि डोळा नळीला. निळ्या आभाळात लाल काड्या दिसल्या की तो क्षय.

घड्याळ मी कधी लावलं नाही. फुक्सिनला लांब कविता, आम्लाला मधली, निळ्याला बालवर्गातली छोटीशी. खालच्या दवाखान्यात मोठे डॉक्टर म्हणायचे, रतिलाल काचांना अंगाई गातो. फुक्सिनची कविता कुठल्या पुस्तकातली नाही. कळसाडीच्या शाळेत आमच्या गुरुजींनी स्वतः रचून आम्हाला पाठ करायला लावलेली.

तापीकाठी ओली वाळू, कोण चालले पुढे एकटे?
वळून मागे नको पाहु रे, पाऊल तुझे मागुन येते.

आठ मात्रांवर थांबायचं. तिथे यती. गुरुजी त्या जागी छडी टेबलावर हलकेच टेकवायचे. अजून मी म्हणतो तेव्हा ती छडी ऐकू येते.

दुपारच्या आत पाड्यावरची गायत्री आली. पाठीला झोळीत लेकरू. ती खोकली की झोळी हिंदकळायची आणि लेकरू हसायचं, त्याला खेळ वाटत होता. आश्रमशाळेत शिकलेली, माझी मराठी तिला समजली. म्हणाली, पाहुण्यांचा कार्यक्रम झाला की पाड्यावरची माणसं गुजरातेत ऊसतोडीला निघतील. नवरा म्हणतो धुळीचा खोकला आहे, चल. दवाखान्याच्या सही-शिक्क्याचा कागद असेल तरच मुकादम मागे ठेवील, माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या तोंडी सांगण्यावर नाही. तिची आई फुलीबाई अशीच खोकायची. गेल्या साली तिचा बेडका इथेच तपासला, कागदावर 'साफ' आलं, म्हणून गेली ऊस तोडायला. तिकडेच पाचटावर मेली. गायत्री हे रडून सांगत नव्हती. भाव विचारल्यासारखं सांगत होती.

काच रंगवली. दिवा छान लागला. कविता संपली, नळीला डोळा लावला.

लाल काड्या. पसाभर.

नवनीतभाईंना सांगितलं. सही त्यांची, औषधाच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याकडे. डॉक्टर आठवड्यातून एकदा खालून येतात आणि पुढे केलेल्या कागदावर सही करून जातात. नवनीतभाई आधी हसले. मग म्हणाले, दिनेशला वर्षभरात एक सापडला नाही, तुम्हाला पहिल्याच दिवशी! डोळे तपासून घ्या, आप्पा.

छत्तीस वर्षं या डोळ्यांनी — जाऊ दे. उद्या शांतपणे बोलेन.

१३ नोव्हेंबर

शांतपणे कसलं बोलतो!

सकाळी दिवा पेटवत होतो, तर कमलबाई झाडू थांबवून बघत उभी राहिली. "आप्पा, ही बत्ती कसाले पेटाडतस तुमी? दिनेशभाऊ ते कधीच पेटाडे नई. काचा उन्हमा वाळाडे, रंग टाके, धुई टाके."

हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी कळलं नाही. कधीच पेटवला नाही! वर्षभरात एकदाही नाही! म्हणून वात पांढरी. आणि मी, कवितेचा वेडा, तिला मोगऱ्याची कळी म्हणालो. आग लागो माझ्या कवीपणाला. अरे, न तापवता क्षयाची काच रंगवायची म्हणजे रोग्याच्या तोंडावर दार लावायचं! लाल आत शिरतच नाही. आम्ल टाकलं की सगळं धुऊन जातं, उरतं निळंशार आभाळ. साफ, साफ, साफ! पाडेच्या पाडे साफ!

तसाच नवनीतभाईंच्या खोलीत शिरलो. ते नाकारतील असं वाटलं होतं. नाकारलं नाही, हे जास्त लागलं. दिनेशला मीच सांगितलं होतं, म्हणाले. रोगी सापडले की फलक लागत नाही, पाहुणे येत नाहीत, दवाखाना मोठा होत नाही. तुम्ही भावनेने बघता, आप्पा. मी पुढचं बघतो. मी थेट अहिराणीत उतरलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही, गुरुजींना आवडलं नसतं.

वरून कोणी तपासणीला आलं तर दाखवायला जुन्या काचा पेटीत ठेवायची रीत आहे. पेटी काढली. काचांच्या टोकाला ओरखडून नावं घातलेली. पहिलीच हाताला लागली ती फुलीबाईची. नुसती निळी. मी तिच्यावर फुक्सिन ओतलं, खाली दिवा धरला. वाफ निघाली.

तापीकाठी —

मागे कोणीतरी खोकलं. बरोबर यतीवर. जिथे छडी टेकायची तिथे.

ओली वाळू, कोण चालले — पुन्हा.

वळून पाहिलं. कोणी नाही. कमलबाई विहिरीवर गेलेली, अंगणात भर दुपारचं ऊन. खोलीत मात्र जळत्या पाचटाचा वास. इथे डोंगरात ऊस कुठला?

काच नळीखाली घातली. फुलीबाई, तू साफ नव्हतीस गं. तू भरलेली होतीस.

१५ नोव्हेंबर

काल दिवसभर पेटीतल्या काचा एकेक करून तापवल्या. हात थांबत नव्हते. राग असा की भूक लागली नाही. प्रत्येक काचेवर लाल. प्रत्येक कवितेच्या प्रत्येक यतीवर खोकला, आणि दर वेळी वेगळा: कुणा म्हाताऱ्याचा खोल, कुणा पोराचा बारीक, कुत्र्याच्या पिलासारखा. मी म्हणत राहिलो. थांबलो असतो तर भ्यालो असतो.

आज फुलीबाईची काच पुन्हा पाहिली. काड्या वाढल्या आहेत.

हे मी लिहितो आहे, ज्याने हजारो काचा पाहिल्या आहेत. ज्योतीवर तापवलेला, काचेला चिकटलेला जंतू मेलेला असतो. मेलेला वाढत नाही. परवा जिथे निळं मोकळं होतं तिथे आज लाल आहे. इतर काचांचंही तेच. निळं आटत चाललं आहे, उन्हाळ्यातल्या डबक्यासारखं.

बोटांचा लाल रंग साबणाने गेला नाही. स्पिरिटनेही नाही. मनगटापर्यंत आला आहे.

कमलबाईने दारातूनच भाकर ठेवली, आत आली नाही. तिलाही खोकला ऐकू येतो. "त्या बठ्ठा निजेल व्हतात, आप्पा. तुमी जागाडं त्यासले. बत्ती इझाडी टाका." मी तिच्यावर ओरडलो. निजलेले नव्हते ते! दाबून टाकलेले होते! ती पदर तोंडाला लावून गेली. बिचारीवर कशाला ओरडलो?

गायत्री येऊन कागद विचारून गेली. लेकराच्या अंगाला हात लावला. गरम लागलं.

१७ नोव्हेंबर

नवनीतभाई आले. गायत्रीचा कागद आधीच लिहून आणलेला. साफ. खाली तपासणारा म्हणून माझी सही हवी. मी तो त्यांच्यादेखत फाडला. त्यांनी फुक्सिनची बाटली उचलून मोरीत उपडी केली. म्हणाले, घ्या, आता रंगवा.

ती धार मोरीतून अंगणात गेली. संध्याकाळी कमलबाईने विहिरीचं पाणी काढलं तर गुलाबी.

आणि बाटली? रात्री पाहिली तर पुन्हा भरलेली. गळ्यापर्यंत.

मी रंगवायला बसलो. उरलेल्या काचा. माझाच हट्ट. तापीकाठी ओली वाळू — एवढं म्हणून दम घेतला, आणि पुढचं कोणीतरी म्हटलं. बाईचा आवाज, डोंगरी वळणाचा, शब्द अडखळत. कोण चालले पुढे एकटे.

फुलीबाई शाळेत गेलेली नव्हती. कविता तिला कोणी शिकवली?

मीच. तिच्या काचेवर म्हणून म्हणून.

१९ नोव्हेंबर

भर दुपारी रांग लागली आहे.

खिडकीपासून फाटकापर्यंत. सकाळी बेडका द्यायला उभे राहतात तसेच, हातात डबी धरून. काही पोरं आहेत. ऊन इतकं की अंगणात पाय ठेववत नाही, आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघते आहे. काचेवरून निघते तशी. रांगेत पुढे एक बाई. नाक गायत्रीसारखं.

तोंडाने काही मागत नाहीत. माझ्या हाताकडे पाहतात. कागद मागताहेत. खरा कागद.

कमलबाई आज आली नाही.

भीती वाटते. खोटं कशाला लिहू? पण भीतीखाली राग आहे आणि तोच मला बसता ठेवतो. त्या ओसरीवर तो फलक! अजून कापडात गुंडाळलेला, नवरीसारखा!

२१ नोव्हेंबर

नवनीतभाई पळत आले. पांढऱ्या रुमालावर लाल. रात्रीपासून खोकतो आहे, म्हणाले. अंगणातली माणसं दिसतात, सगळीकडून दिसतात, डोळे मिटले तरी. हात जोडून म्हणाले, आप्पा, माझी काच रंगवा. नीट रंगवा. तापवून.

तापवून! शब्द बरोबर ठाऊक होता त्यांना.

मी म्हटलं, आधी गायत्रीचा कागद. त्यांनी सही केली, शिक्का मारला. कपाटाची किल्ली टाकली. मी स्वतः पाड्यावर गेलो. कागद तिच्या हातात दिला, गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते नवऱ्यासमोर समजावलं, लेकराला उद्याच मोलगीच्या सरकारी दवाखान्यात न्या म्हटलं. नवऱ्याने कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, ही थांबेल. गायत्री हसली. मरताना आठवावं असं हसणं.

इथेच रोजनिशी मिटवायला हवी होती.

परत आलो. नवनीतभाई दारात बसलेले. त्यांची काच घेतली. फुक्सिन ओतलं. काडी हातात घेतली. खिडकीत सगळे उभे. आणि माझ्या मनात ते वर्षभराचं 'साफ, साफ' उसळून आलं.

काडी ओढली नाही.

थंड रंगवलं. कविताही म्हटली नाही. आम्ल टाकलं, निळं टाकलं. निळंशार आभाळ. म्हटलं, नवनीतभाई, तुम्ही साफ. तसा कागदही लिहून दिला.

ते रडले. माझ्या पाया पडले.

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

२२ नोव्हेंबर

वाटलं होतं ते जातील. कागद निघाला, सूड झाला, आता जातील.

गेले नाहीत. काल मी 'साफ' म्हणालो तेव्हा सगळे एकदम खोकले. तेव्हापासून थांबले नाहीत. नवनीतभाईंकडे कोणी पाहत नाही. माझ्याकडे पाहतात. जसं दिनेशकडे — तसं.

फुलीबाईने मान फिरवली.

मी चूक केली का? त्याला कळायला नको? एकदा तरी त्याला — त्याचं 'साफ' आणि माझं 'साफ' सारखं कसं? सारखं नाही. नाही.

सकाळपासून माझ्याही घशात —

थंडी. थंडीच असेल.

२३ नोव्हेंबर

कार्यक्रम झाला. झाला कसला.

पाहुण्यांनी कापड ओढलं. फलकावर अक्षर नाही. निळा फलक, आणि त्यावर लाल काड्या, वळवळणाऱ्या. पाहुण्यांना दिसल्या नसाव्यात, ते टाळ्या वाजवत होते. नवनीतभाईंना दिसल्या. बोलायला उभे राहिले आणि त्या पांढऱ्या कपड्यांवर — पुष्कळ. जीपमध्ये घालताना खिशातला माझा कागद काढून दाखवत होते. मी साफ आहे. आप्पांनी सांगितलंय. मी साफ आहे.

जीप घाट उतरेपर्यंत ऐकू येत होतं. मोलगीच्या दवाखान्यात जिवंत पोहोचले नाहीत, असं कमलबाई फाटकाबाहेरूनच सांगून गेली. मजुरांचा ट्रकही गेला, म्हणाली. गायत्री त्यात नव्हती. एवढं एक —

माझा रुमाल लाल आहे. हाताचाच रंग असेल. नसेल.

माझी काच केली आहे. पसरली, वाळवली. फुक्सिन ओतलं. दिवा लावतो.

लागत नाही. स्पिरिट भरलेलं आहे, वास येतो आहे. काडी पेटते, वातीला लावली की विझते. दुसरी. विझते. सगळी पेटी —

वात पांढरी आहे. इतक्या दिवसांत काजळीचा डाग नाही. कोरी. पहिल्या दिवसासारखी कोरी.

खोलीत सगळे आले आहेत. उन्हं अजून आहेत, चेहरे दिसतात. कोणी खोकत नाही आता. वाट पाहताहेत.

कविता म्हणतो. म्हटली की वाफ येईल. आली पाहिजे.

तापीकाठी —

छडी टेकली. गुरुजी?

वळून मागे —

फुलीबाई, तू तरी दिवा धर गं. मला नुसतं कळू दे, मी —